लग्नाच्या केकची कुळकथा

इंग्रजी पद्धतीच्या विवाहसमारंभात एक क्षण असा येतो की, दिवाणखान्यातील सारी बोलणी आपोआप थांबतात. मेजावर शुभ्र साखरेने मढवलेला, मजल्यावर मजले चढवलेला केक उभा असतो. वधू सुरी हाती घेते, वर तिच्या हातावर आपला हात ठेवतो, साखरेच्या कवचात सुरीचे पाते रुतते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. वास्तविक लग्न तर त्याआधीच चर्चमध्ये लागलेले असते. शपथा झालेल्या असतात, अंगठी बोटात गेलेली असते, नोंदवहीत सह्या झालेल्या असतात. तरीसुद्धा जमलेल्या पाहुण्यांपैकी अनेकांच्या मनात लग्नाचे चित्र म्हणून उरते ते या सुरीचे आणि त्या केकचे. आपल्याकडेही वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांतून हा प्रसंग परिचयाचा आहे आणि अलीकडे तो इतर घरांच्या स्वागतसमारंभांतही शिरलेला दिसतो.

गंमत अशी की, ज्या विधीवाचून इंग्रजी लग्न अपुरे वाटावे, तो विधी इंग्लंडच्या कोणत्याही धर्मग्रंथात नाही. इंग्लंडच्या चर्चचे १६६२ सालचे प्रार्थनापुस्तक उघडले तर त्यात विवाहविधीचा सविस्तर पाठ सापडतो. त्यात अंगठी आहे, शपथा आहेत, आशीर्वाद आहे. केक मात्र नाही. मग हा विधी आला कोठून? लोक त्याला अतिप्राचीन मानतात. पण प्रत्यक्षात त्याचा इतिहास पाहू गेले तर वेगळीच हकीगत हाती लागते. या हकीगतीत राजकन्या आहेत, मिठाईवाले आहेत, टपालखाते आहे, कायदेमंडळ आहे. आणि जिथे कोणाचे लक्ष सहसा जात नाही अशा एका कोपऱ्यात कोकणातले शेतमजूरही आहेत.

केकची कुळी सांगणारे बहुतेक जण आरंभ रोमन लोकांपासून करतात. प्राचीन रोममध्ये उच्च कुळांतील विवाहाचा एक अत्यंत गंभीर प्रकार होता. त्याला 'कॉन्फारेआतिओ' असे म्हणत. या शब्दाच्या पोटात 'फार' हे एका धान्याचे नाव आहे. आपल्याकडे ज्याला खपली गहू म्हणतात त्याच जातीचे हे धान्य. दहा साक्षीदारांसमोर, रोमच्या श्रेष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, या धान्याची भाकर ज्युपिटर देवाला अर्पण केली जाई. विवाहाचे नावच मुळी त्या भाकरीवरून पडलेले. ज्युपिटरच्या प्रमुख पुरोहिताच्या पदासाठी अशाच विवाहातून जन्मलेला मनुष्य लागे. परंतु हा विधी इतका अवजड झाला होता की, इसवी सनाच्या २३ व्या वर्षी, म्हणजे तिबेरियस सम्राटाच्या काळी, त्या पदासाठी नियमाप्रमाणे तीन उमेदवारही धड मिळेनात, असे टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. जो विधी पहिल्या शतकातच अखेरच्या घटका मोजत होता, तो सोळाशे वर्षांनी इंग्लंडातल्या एखाद्या गावी केकच्या रूपाने पुन्हा प्रकट झाला, असे म्हणायला मधला दुवा हवा. तो दुवा नाही. धान्य आणि विवाह यांची सांगड तर साऱ्या जगात आहे. आपल्या अक्षता हे तिचेच एक रूप. म्हणून एकाची संतती दुसरे, असे ठरत नाही.

कागदपत्रांचा आधार घेऊन चालायचे तर सतराव्या शतकापासून निघावे लागते. रॉबर्ट हेरिक या कवीच्या १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात वधूच्या केकवर एक छोटी कविता आहे; म्हणजे वस्तू आणि तिचे नाव ही दोन्ही तोवर रूढ होती. पण त्या काळच्या लग्नाच्या मेजवानीत केकला एक जबरदस्त प्रतिस्पर्धी होता. तो म्हणजे वधूचा 'पाय'. पिठाच्या जाड कवचात मांसाचे नाना प्रकार भरून भाजलेला हा पदार्थ. रॉबर्ट मे या नामांकित आचाऱ्याचा पाकशास्त्रावरचा ग्रंथ १६६० साली प्रथम निघाला. त्यात या पदार्थाची जी कृती दिली आहे ती आजच्या वाचकाला थक्क करते. कालवे, कोंबड्यांचे तुरे आणि कितीतरी प्रकारचे मांस घालून अनेक लहान पाय एकत्र रचायचे. त्यांपैकी एक मात्र पोकळ ठेवायचा आणि त्यात जिवंत पाखरे किंवा चक्क एखादा साप सोडायचा. मेजावर तो पाय कापला की पाखरे भुर्रकन उडावीत, साप सरपटत बाहेर यावा आणि पाहुण्यांची तारांबळ व्हावी, हा हेतू. कापण्याच्या क्षणाकडे सर्वांचे डोळे लागावेत ही कल्पना त्या काळीही होती, एवढे यावरून दिसते. फक्त त्या क्षणातला रस शृंगाराचा वा गांभीर्याचा नव्हता. तो उघडउघड विनोदाचा होता.

मांसाचा पाय मागे पडला आणि गोड केक पुढे आला तो अठराव्या शतकात. या संक्रमणाची सर्वांत महत्त्वाची साक्षीदार एक कर्तबगार स्त्री आहे. तिचे नाव एलिझाबेथ रॅफल्ड. चेशर परगण्यातील आर्ली हॉल या वाड्यावर ती गृहव्यवस्थापिका होती. पुढे मँचेस्टरला तिने मिठाईचे दुकान घातले आणि १६ नव्हे, शेकडो कृती असलेले पाकशास्त्राचे पुस्तक १७६९ साली प्रसिद्ध केले. त्यात वधूच्या केकची कृती आहे. चार पौंड बारीक पीठ, चार पौंड ताजे लोणी, दोन पौंड पांढरी साखर, दर पौंड पिठाला आठ म्हणजे एकंदर बत्तीस अंडी, चार पौंड काळ्या मनुका, एक पौंड बदाम, साखरेत मुरवलेल्या लिंबू-संत्र्यांच्या साली, जायपत्री, जायफळ आणि अर्धा पाइंट ब्रँडी! इतकेच करून ती थांबत नाही. भाजलेल्या केकवर आधी बदामाच्या लगद्याचा लेप द्यावा, आणि त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकात घोटलेल्या साखरेचा दुसरा लेप द्यावा, असे ती सांगते. आज इंग्लंडात ज्याला लग्नाचा केक म्हणून ओळखतात त्याचा गाभा आणि त्याची दोन आवरणे अशी सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका दुकानदारिणीच्या पुस्तकात प्रथम एकत्र आलेली दिसतात.

त्याच सुमारास केकचे काय करीत, हेही पाहण्यासारखे आहे. टोबायस स्मॉलेट या कादंबरीकाराच्या १७७१ सालच्या 'हंफ्री क्लिंकर' या कादंबरीत लग्नाचा प्रसंग आहे. तेथे केक कापीत नाहीत. तो वधूच्या डोक्यावर मोडतात. त्याचे तुकडे जमलेल्यांत वाटले जातात, आणि जो तो तुकडा खाईल त्याला त्या रात्री आपला भावी जोडीदार स्वप्नात दिसेल अशी समजूत कादंबरीकार नमूद करतो. अंगठीतून ओवून घेतलेला केकचा तुकडा उशाखाली ठेवून झोपण्याची चालही अविवाहित मुलींत पुष्कळ काळ होती. या साऱ्या चालींत एक गोष्ट समान आहे. केकचे महत्त्व तो कोण कापतो यात नव्हते. तो कोणाकोणाच्या हाती पोहोचतो यात होते. वधूचे भाग्य तुकड्यातुकड्याने वाटून घेण्याची ती एक रीत होती.

आता या केकवरील पांढऱ्या आवरणाकडे वळले पाहिजे. कारण खरा इतिहास त्या आवरणात दडला आहे. आज शुभ्र रंग पाहून लोकांना पावित्र्य आठवते. रॅफल्डबाईंच्या काळी तो पाहून लोकांना प्रथम किंमत आठवत असे. साखर जितकी अधिक शुद्ध तितकी ती अधिक पांढरी, आणि जितकी पांढरी तितकी महाग. शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपांतून ती विकत मिळे. ती फोडावी, कुटावी आणि वस्त्रगाळ करावी लागे. केक पांढराशुभ्र असणे ही यजमानाच्या ऐपतीची जाहिरातच होती.

साखर हा शब्दच आपल्या 'शर्करा' या शब्दापासून फारसी आणि अरबी भाषांच्या वाटेने युरोपात गेला, आणि 'खंड' या शब्दापासून इंग्रजांची 'कँडी' आली. परंतु अठराव्या शतकातील इंग्लंडची साखर हिंदुस्थानातून येत नव्हती. ती येत होती वेस्ट इंडीजच्या बेटांवरून, आणि ती पिकवणारे हात आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांचे होते. ब्रिटिश जहाजांनी त्या व्यापारात एकूण सुमारे एकतीस लाख आफ्रिकी माणसे नेली. त्यांतली काही लाख वाटेतच मेली. उसाच्या मळ्यावरील आणि रसाच्या कढईजवळील आयुष्य इतके कठोर होते की, नवे गुलाम आणल्यावाचून मळे चालत नसत.

हे इंग्लंडात कोणालाच ठाऊक नव्हते किंवा कोणालाच त्याची खंत नव्हती असे नाही. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटने फेटाळला, तेव्हा हजारो कुटुंबांनी साखर वर्ज्य केली. या चळवळीत स्त्रिया पुढे होत्या, कारण घरात साखर आणायची की नाही हे त्यांच्या हाती होते. पुढे काही घरांतून अशी साखरदाणी दिसू लागली की जिच्यावर, आतील साखर पूर्वेकडील हिंदुस्थानची असून गुलामांनी बनवलेली नाही, असे छापलेले असे. १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद झाला. १८३३ साली गुलामगिरीच रद्द करण्याचा कायदा झाला आणि मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली. ज्यांनी राबून साखर काढली त्यांना काहीच मिळाले नाही. उलट, काही वर्षे उमेदवारीच्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबण्याचे बंधन त्यांच्यावर आले. ते बंधन वेस्ट इंडीजमध्ये १ ऑगस्ट १८३८ रोजी संपले.

त्यानंतर दीडच वर्षाने, १० फेब्रुवारी १८४० रोजी, लंडनमध्ये तरुण राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र आल्बर्ट यांचा विवाह झाला. त्या विवाहातील मुख्य केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा होता. त्याचा घेर जवळजवळ तीन यार्ड आणि जाडी सुमारे चौदा इंच. त्याच्यावर साखरेच्या मूर्ती होत्या. ब्रिटानिया देवी वधूवरांना आशीर्वाद देत आहे, वराच्या पायाशी निष्ठेचे प्रतीक म्हणून कुत्रा आहे, वधूच्या पायाशी पारव्यांची जोडी आहे आणि एक मदनबाळ वहीत विवाहाची तारीख लिहीत आहे, असे ते दृश्य होते. वधूवरांना वेष मात्र प्राचीन रोमनांचा दिलेला होता. नव्या रिवाजाला जुन्या रोमचे कूळ लावून देण्याची हौस मिठाईवाल्यांनाही होती, असे दिसते.

त्या काळी ब्रिटिश बाजारात परक्या देशांच्या साखरेवर जबर जकात होती. त्यामुळे तेथे येणारी साखर वसाहतींचीच असे, आणि त्या वसाहतींत मॉरिशस बेटाचे स्थान मोठे होते. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेला वेस्ट इंडीजच्या बरोबरीने सवलत मिळाली तेव्हापासून तेथील उसाचे मळे झपाट्याने वाढले होते. गुलाम मुक्त होणार हे दिसताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' या जहाजातून करारबंद हिंदी मजुरांची एक तुकडी पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. मजुरांच्या हालांविषयी ओरड झाल्यामुळे १८३९ साली ही भरती बंद करण्यात आली. पण १८४२ साली ती पुन्हा सुरू झाली, आणि कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरही तिला खुले झाले. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे त्या धक्क्याच्या पायऱ्या चढून गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडी या भागांतील मराठी माणसे होती. आज त्या धक्क्याला आप्रवासी घाट म्हणतात. युनेस्कोने २००६ साली त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मॉरिशसमधील त्या मराठी माणसांच्या वंशजांनी आपली भजने आणि आपला गणपती आजही जपला आहे. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

मराठी भाषेनेही या इतिहासाची एक खूण जपून ठेवली आहे. मॉरिशसहून येणाऱ्या पांढऱ्या साखरेला आपल्याकडे 'मोरस' असे नाव पडले. ज्या देशाने जगाला साखरेचा शब्द दिला, त्याच देशाच्या बाजारात परदेशी साखर परदेशाच्या नावाने विकली जाऊ लागली, आणि ती पिकवणाऱ्यांत आपलीच माणसे होती. मोरस साखरेची पुडी बांधून देणाऱ्या वाण्याला आणि ती घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला याची कितपत जाणीव असेल, कोण जाणे!

राणीच्या लग्नानंतर केकचे दिवस पालटले. वृत्तपत्रांनी त्याची चित्रे छापली, वर्णने छापली, आणि मध्यमवर्गाला तसाच केक हवासा वाटू लागला. त्याला आणखी एका गोष्टीने हातभार लावला. त्याच वर्षाच्या, म्हणजे १८४० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये एक पेनी टपालाची पद्धत सुरू झाली होती. देशात कोठेही पत्र पाठवणे स्वस्त झाले. पुढे १८८३ साली पार्सलांचे टपाल सुरू झाले. लग्नाला येऊ न शकलेल्या आप्तेष्टांना केकचा तुकडा छोट्याशा डबीत घालून टपालाने पाठवण्याची रीत या सोयींमुळे घरोघरी पोहोचली. सुक्या फळांनी आणि ब्रँडीने मुरलेला तो केक दिवसेंदिवस टिकत असे, म्हणून हे शक्य होते. व्हिक्टोरियाच्या लग्नातील केकचे काही तुकडे तर आजही जपून ठेवलेले आहेत. केकचा वरचा मजला राखून ठेवून तो पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्याला कापण्याची चालही याच टिकाऊपणातून निघाली.

केक कापणे म्हणजे लग्न पुरे होणे, हा अर्थ व्हिक्टोरियाच्या काळात किती खोल रुजला होता याचा पुरावा डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या १८६० ते ६१ मधील कादंबरीत मिळतो. लग्नाच्या दिवशीच वराने फसवलेली मिस हॅव्हिशम घरातील घड्याळे नऊला वीस मिनिटे असतानाच थांबवून ठेवते आणि लग्नाच्या मेजावर न कापलेला केक वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यावर कोळी फिरतात, जाळी लोंबतात. वाचकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. न कापलेला केक म्हणजे न झालेले लग्न.

मजल्यांचा केक मात्र राणीच्या लग्नातला नव्हे. त्याविषयी लंडनमध्ये एक आख्यायिका सांगतात. फ्लीट स्ट्रीटजवळ सेंट ब्राइड नावाचे चर्च आहे. ख्रिस्तोफर रेन या थोर वास्तुविशारदाने बांधलेला त्याचा मनोरा एकावर एक निमुळते होत जाणाऱ्या मजल्यांचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्या लडगेट हिलवरील विल्यम रिच या मिठाईवाल्याने त्या मनोऱ्यावरून मजल्यांचा केक केला, अशी ही गोष्ट. ती गोड आहे. शिवाय 'ब्राइड' म्हणजे वधू असा श्लेषही तीत साधतो. प्रत्यक्षात त्या चर्चचे नाव सेंट ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीवरून पडलेले आहे. मजल्यांच्या केकचा भरभक्कम पुरावा मिळतो तो १८५८ सालापासून. त्या वर्षी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येचे लग्न प्रशियाच्या राजपुत्राशी झाले. तिचा केक माणसाहून उंच होता; पण त्याचे वरचे मजले नुसत्या साखरेचे होते, आत केक नव्हता. सर्व मजले खऱ्या केकचे असलेला पहिला राजघराण्यातील केक १८८२ सालच्या राजपुत्र लिओपोल्डच्या विवाहातला, असे सामान्यतः मानले जाते. तोवर १८७४ साली साखरेवरील कर रद्द झाला होता आणि युरोपातील बीटच्या साखरेमुळे भाव कोसळले होते. शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये माणशी वर्षाला सुमारे अठरा पौंड साखर खपे. शतकाच्या अखेरीस ती नव्वद पौंडांच्या घरात गेली. पांढरा मनोरा आता सामान्य कारकुनाच्या लग्नातही उभा राहू शकत होता.

पण अजून एक गोष्ट व्हायची होती. केक होता, त्याचे मजले होते, तरी तो कापणे हा समारंभाचा मुख्य प्रसंग झाला नव्हता. इंग्लंडात कायद्याने लग्न दुपारी बाराच्या आत लावावे लागे. म्हणून लग्नानंतरच्या जेवणाला न्याहारी म्हणत, आणि त्या लांबलचक जेवणाच्या ओघात केव्हातरी केक येई. १८८६ साली ही मर्यादा दुपारी तीनपर्यंत वाढवण्यात आली आणि १९३४ साली सहापर्यंत. तिसऱ्या प्रहरी लग्न लागू लागल्यावर बसून जेवण्याची आवश्यकता उरली नाही. पाहुण्यांनी उभ्याउभ्या चहा घ्यावा, वधूवरांचे अभिनंदन करावे आणि निघावे, असा सुटसुटीत स्वागतसमारंभ रूढ झाला. अशा समारंभाला एखादा केंद्रबिंदू हवा असतो. जेवणाचे पान गेले. त्याची जागा केकने घेतली.

आणि दोन हातांचे काय? प्रथम केक वधू कापीत असे, कारण तो वधूचा केक होता. आपल्या हाताने तो पाहुण्यांना वाटणे हा तिचा मान होता. परंतु मजले जसे वाढले तसे साखरेचे आवरणही कठीण करावे लागले. नाहीतर वरच्या मजल्यांच्या वजनाने खालचे खांब आत रुतले असते. हे कवच इतके टणक होई की, नाजूक हाताने त्यात सुरी शिरणे मुश्कील. तेव्हा वर मदतीला आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छायाचित्रकाराने त्या क्षणाला कायमचे रूप दिले. सुरीवर दोघांचे हात, दोघांची नजर कॅमेऱ्याकडे. मग कोणीतरी म्हणाले की, हे दोघांनी मिळून केलेले संसारातील पहिले काम. अर्थ सुंदर आहे. मात्र तो कृतीच्या मागून आला. आधी साखर कठीण झाली, मग दोन हात लागले, आणि मग त्या दोन हातांना अर्थ लाभला. स्कॉटलंडमधील लग्नांचा अभ्यास करणाऱ्या सायमन चार्सली या मानववंशशास्त्रज्ञानेही विसाव्या शतकाच्या अखेरीस हेच दाखवून दिले की, लोक प्रथा पाळतात त्या तिचा अर्थ ठाऊक असतो म्हणून नव्हे. अर्थ ते सवडीने लावतात.

या प्रथेची कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. १९४० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भाजलेल्या केकवर साखरेचा थर देण्यास सरकारने बंदी घातली. डिसेंबरच्या २९ तारखेला जर्मन बॉम्बहल्ल्यात सेंट ब्राइड चर्च आतून जळून खाक झाले. त्याचा मजल्यांचा मनोरा तेवढा उभा राहिला. लग्ने मात्र थांबली नाहीत. मिठाईवाल्यांनी पुठ्ठ्याचे आणि प्लास्टरचे पांढरे मनोरे तयार केले. ते भाड्याने मिळत. त्या सुबक खोक्याखाली एक लहानसा, साधा केक लपवलेला असे. छायाचित्र काढून झाले की खोके उचलायचे आणि खालचा केक कापायचा. ज्या आवरणाने एकेकाळी श्रीमंती मिरवली, त्याचे आता पुठ्ठ्याचे सोंग उरले होते. पण त्याखालचा छोटा तुकडा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या शिध्यातून वाचवलेल्या साखरेचा आणि लोण्याचा असे.

रेशनिंग चालू असतानाच २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिप यांचा विवाह झाला. मॅकव्हिटी अँड प्राइस या कारखान्याने केलेला त्यांचा केक चार मजल्यांचा, नऊ फूट उंच आणि सुमारे पाचशे पौंड वजनाचा होता. त्याचे साहित्य ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड मुलींनी भेट म्हणून पाठवले होते. म्हणून वृत्तपत्रांनी त्याला दहा हजार मैलांचा केक म्हटले. फिलिपच्या तलवारीने तो कापण्यात आला. त्याच विवाहाला तीन महिन्यांपूर्वी स्वतंत्र झालेल्या भारतातून एक भेट गेली होती. महात्मा गांधींनी स्वतः कातलेल्या सुताचा तो जाळीदार रुमाल होता आणि त्याच्या मध्यभागी 'जय हिंद' ही अक्षरे विणलेली होती. पाचशे पौंडांचा केक आणि हाताने कातलेले थोडेसे सूत या दोन्ही वस्तू एकाच राजवाड्यात आल्या. एका वस्तूच्या मागे दोनशे वर्षांच्या साम्राज्याचा व्यापार होता. दुसरीच्या मागे एका वृद्ध माणसाची बोटे होती.

ब्रिटनमध्ये साखरेवरील रेशनिंग १९५३ च्या सप्टेंबरात उठले आणि पांढरे मनोरे पुन्हा खऱ्या साखरेचे झाले. त्यानंतरही प्रथा बदलत राहिली. २०११ साली राजपुत्र विल्यमच्या लग्नात सुक्या फळांचा परंपरागत केक होता, तर २०१८ साली त्याच्या धाकट्या भावाने लिंबू आणि एल्डरच्या फुलांच्या स्वादाचा हलका केक पसंत केला. तो महिनोन्महिने टिकणारा नव्हे. दूरच्या नातलगाला डबीतून पाठवावा असाही नव्हे. कठीण कवच गेले, तरी दोन हात सुरीवर राहिलेच. कारण संपले तरी रीत उरते, ती अशी.

या साऱ्या कुळकथेत एक धागा मात्र अखंड दिसतो. वधूच्या डोक्यावर केक मोडला जात होता तेव्हाही, टपालाच्या डबीतून तो जात होता तेव्हाही, आणि पुठ्ठ्याच्या मनोऱ्याखाली लपला होता तेव्हाही, केक वाटला जात होता. विशेष म्हणजे जे समोर नाहीत त्यांच्यासाठी एक तुकडा बाजूला काढून ठेवण्याची आठवण त्या रीतीत होती. लग्नघराला एवढी आठवण पुरेशी असते. इतिहासाला मात्र अधिक दूरच्या माणसांची आठवण ठेवावी लागते. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर राबून गेलेले आणि मुंबईच्या बंदरातून गलबलल्या मनाने मॉरिशसला निघालेले, असे कितीतरी लोक त्या शुभ्र मेजापासून सदैव दूर राहिले. त्यांच्या नावाची डबी कोणी पाठवली नाही. केकची गोष्ट सांगताना त्यांची गोष्ट सांगणे, एवढा वाटा तरी त्यांना देता येण्यासारखा आहे.